पंचेचाळीस अंश का मिळाले नाहीत? : एक्स-२९ विमानाच्या नियंत्रणाचं प्रकरण

१४ डिसेंबर १९८४ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावरून ग्रुमन कंपनीचा मुख्य चाचणी वैमानिक चक सेवेल याने एक विचित्र विमान उडवलं. त्याचे पंख कुणीतरी चुकून उलटे बसवल्यासारखे दिसत. नेहमीच्या लढाऊ विमानात पंखांची टोकं शेपटीकडे झुकलेली असतात, याची नाकाकडे झुकलेली होती. विमानाचं नाव एक्स-२९.

पंखांवर तेव्हापासून बरंच लिहिलं गेलं. या लेखाचा विषय मात्र त्या विमानाच्या पोटातला संगणक आहे, आणि नेमकं सांगायचं तर एक आकडा. नियंत्रणप्रणालीला ४५ अंश फेज मार्जिन हवं, अशी अट होती. फेज मार्जिन म्हणजे आज्ञा पोहोचायला आणखी उशीर झाला तरी विमान सावरू शकेल अशी शिल्लक, अंशांत मोजलेली. अभियंत्यांनी हाताशी असलेल्या बऱ्याच पद्धती वापरून पाहिल्या, पण ४५ अंश काही मिळेनात. आकडा ३५ च्या आसपास येऊन अडे. आपलं काहीतरी चुकतंय, अजून चांगला नियंत्रक सापडायचाय, असं अशा वेळी कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांचं काहीही चुकत नव्हतं.

आधी विमान

पुढे झुकलेले पंख ही कल्पना जुनीच. १९४४ मध्ये जर्मनीत युंकर्स कंपनीचं असं एक जेट विमान उडालं होतं. अडचण होती ती पंखाच्या पिळाची. असा पंख उचलला गेला की त्याचं टोक वाकताना पुढची कड वर करून पिळतं. कड वर गेली की उचल वाढते, उचल वाढली की पीळ वाढतो, आणि ठरावीक वेगापुढे पंख सरळ मोडूनच जातो. हाही एक फीडबॅकच, फक्त घातकी. धातूचा पंख पुरेसा ताठ करायचा तर तो इतका जड होई की सगळा फायदा वजनातच जाई. १९७० च्या दशकात अमेरिकी हवाई दलातल्या नॉरिस क्रोन यांनी दाखवलं की कार्बन तंतूंचे थर विशिष्ट दिशेने लावले, तर पंख वाकताना उलट दिशेने पिळेल आणि हे चक्र तुटेल. त्यातून संरक्षण संशोधन संस्था डार्पा, हवाई दल आणि नासा यांचा प्रकल्प उभा राहिला. डिसेंबर १९८१ मध्ये ग्रुमनला दोन विमानांचं कंत्राट मिळालं, ८ कोटी ७० लाख डॉलरचं. पैसा वाचवायला पुढचा सांगाडा जुन्या एफ-५ए विमानांचा घेतला, मुख्य चाकं एफ-१६ ची आणि इंजिन एफ-४०४.

नाकाजवळ दोन्ही बाजूंना छोटे फिरते पंख होते, ते कॅनार्ड. पुढचे पंख आणि त्यापुढे कॅनार्ड अशा रचनेत हवेच्या उचलीचा मध्य पुढे सरकतो आणि विमानाचा गुरुत्वमध्य मागे राहतो. एक्स-२९ मध्ये हे अंतर पंखाच्या सरासरी रुंदीच्या ३५ टक्के होतं. म्हणून त्याला ‘३५ टक्के अस्थिर’ म्हणत. हे कुणी गाफीलपणे केलेलं नव्हतं. ध्वनीच्या वेगापुढे गेल्यावर उचलीचा मध्य मागे सरकतो आणि तिथे हे विमान जवळजवळ समतोल होई. स्थिर विमानाला अशा वेगात नाक वर धरून ठेवायला शेपटीने सतत खाली रेटावं लागतं आणि त्यात इंधन जळतं. एक्स-२९ ला ते करावं लागणार नव्हतं. किंमत मोजायची होती ती कमी वेगात. तिथे विमान स्वतःच्या भरवशावर क्षणभरही सरळ उडणार नव्हतं.

तळहातावरचं लाटणं

‘अस्थिर’ हा शब्द फार ढोबळ आहे. प्रश्न असतो, किती लवकर बिघडतं? नियंत्रणशास्त्रात याचं माप एका आकड्यात येतं, त्याला अस्थिर पोल म्हणतात. एक्स-२९ च्या कठीण उड्डाणस्थितीत तो साधारण ६ रेडियन प्रतिसेकंद होता. म्हणजे वाऱ्याच्या झुळकीने नाक जरासं वर गेलं, तर ती चूक दर ०.१२ सेकंदाला दुप्पट होणार. अर्ध्या सेकंदात वीसपट.

हे हाताला जाणवावं असं वाटत असेल तर स्वयंपाकघरातून लाटणं आणा आणि तळहातावर उभं धरायचा प्रयत्न करा. एकसारख्या जाडीच्या, तळाशी टेकलेल्या काठीचा अस्थिर पोल तिच्या लांबीवरून काढता येतो. ४० सेंटिमीटर काठीला तो ६ च्या आसपास येतो, ३५ सेंटिमीटर लाटण्याला साडेसहा. माणसाच्या डोळ्यापासून हातापर्यंतचा उशीर साधारण ०.२ सेकंद धरला, तर तेवढ्यात लाटण्याचा कल तिपटीहून जास्त वाढलेला असतो. तुम्ही जी चूक पाहून हात हलवता, ती चूक केव्हाच मागे पडलेली असते. मीटरभर लांबीची काठी मात्र बहुतेकांना थोड्या सरावाने जमते, कारण तिचा पोल चारच्या खाली असतो. लांब काठी सोपी आणि आखूड काठी अवघड, हे लहान मुलांनाही खेळता खेळता कळतं. पोल आणि उशीर यांचा गुणाकार मोठा झाला की हात कितीही चलाख असला तरी उपयोग नाही.

एक्स-२९ वैमानिकाच्या हाती सोपवणं म्हणजे त्याला जन्मभर लाटणं तोलायला लावणं. म्हणून ते काम संगणकाला दिलं. तीन डिजिटल संगणक एकाच वेळी चालत, आणि त्यांच्या मागे तीन अ‍ॅनलॉग संगणक राखीव असत. एक डिजिटल संगणक बंद पडला तर उरलेले दोन काम बघत. दुसराही गेला तर सगळा कारभार अ‍ॅनलॉगकडे जाई. कॅनार्ड, पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅपरॉन आणि शेपटीजवळचे फ्लॅप, अशा तीन जोड्यांना सेकंदाला ४० वेळा आज्ञा जात. वैमानिकाच्या स्टिकपासून पंखापर्यंत यांत्रिक दांडी नव्हती. असती तरी काय उपयोग होता?

डिजिटल असण्याची किंमत

सेकंदाला ४० ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये २५ मिलिसेकंद. माणसाच्या ०.२ सेकंदापुढे हे काहीच नाही असं वाटतं, पण हिशोब मांडला की वेगळं दिसतं.

संगणक एका ठोक्याला आज्ञा देतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तीच धरून ठेवतो. या धरून ठेवण्याने सरासरी अर्ध्या ठोक्याचा उशीर होतो, साडेबारा मिलिसेकंद. त्याआधी मोजमाप वाचणं, गणित करणं आणि निकाल बाहेर पाठवणं यात आणखी एखादा ठोका जाऊ शकतो. मोजायचं, आज्ञा द्यायची, परिणाम पुन्हा मोजायचा, हे चक्र म्हणजे नियंत्रणाचा लूप. तो ज्या वारंवारतेपाशी निर्णायक असतो ती समजा १५ रेडियन प्रतिसेकंद धरली (सेकंदाला सुमारे २.४ झोके, एक पूर्ण झोका म्हणजे ३६० अंश), तर साडेबारा मिलिसेकंदांचे ११ अंश होतात आणि पूर्ण ठोक्याचे साडेएकवीस. मिळून ३२ अंश. ज्या प्रकल्पात ४५ आणि ३५ यांच्यावरून घोडं अडलं, तिथे ३२ अंश म्हणजे फार मोठी रक्कम. अ‍ॅनलॉग परिपथाला हा खर्च नव्हता. त्याच्या बदल्यात वेगानुसार, उंचीनुसार क्षणोक्षणी गणित बदलायची डिजिटलची सोय अ‍ॅनलॉगकडे तितकी नव्हती.

दुसरा खर्च लपलेला असतो. ४० ठोक्यांच्या संगणकाला २० हर्ट्झच्या वरचं काहीही खरं दिसत नाही. सिनेमात बैलगाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसं विमानाच्या सांगाड्याचं जलद थरथरणं संथ हालचालीचं सोंग घेऊन आकड्यांत शिरतं. संगणक मग नसलेल्या हालचालीला उत्तर देत बसतो. ते अडवायला मोजमापाच्या तोंडाशी फिल्टर लावावा लागतो आणि प्रत्येक फिल्टर आपल्या वाटणीचा उशीर घेतोच.

मग संगणक दुप्पट वेगवान का घेतला नाही? त्या काळात तसा घेणं अवघड होतं हे खरं, पण मुख्य कारण ते नाही. ठोक्याचा उशीर अर्धा झाला असता, तरी सांगाडा तोच राहिला असता. विमान लवचीक असतं. पंख, धड, कॅनार्ड सगळे आपापल्या तालात कंप पावतात. साधारण ४० रेडियन प्रतिसेकंदाच्या पुढे, म्हणजे साडेसहा हर्ट्झच्या आसपासपासून, ‘विमानाचं नाक कुठे आहे’ आणि ‘विमान कसं थरथरतंय’ या दोन गोष्टी एकमेकींत मिसळायला लागतात. त्यापुढे लूपचा जोर मुद्दाम कमी करावा लागतो, नाहीतर नियंत्रकच सांगाड्याला थरथरवायला लागेल. कॅनार्ड आणि फ्लॅप हलवणारे हायड्रॉलिक अ‍ॅक्चुएटरही अमुक वेगापेक्षा जलद हलत नाहीत. म्हणजे वापरण्याजोगा पट्टा ४० पर्यंतचाच. संगणकाचा वेग ही या साखळीतली एक कडी होती, आणि सर्वांत कच्ची कडी ती नव्हती.

अट कुठून आली

लष्करी विमानांच्या नियंत्रणप्रणालीसाठी अमेरिकेत एमआयएल-एफ-९४९० नावाचं विनिर्देश होतं. त्यात साधारण नियम असा की प्रत्येक लूपला ६ डेसिबल गेन मार्जिन आणि ४५ अंश फेज मार्जिन असावं. पहिल्याचा अर्थ, लूपचा जोर दुप्पट किंवा निम्मा झाला तरी विमान टिकावं. दुसऱ्याचा अर्थ वेळेत सांगता येतो. निर्णायक वारंवारता १५ धरली तर ४५ अंश म्हणजे सुमारे ५२ मिलिसेकंदांचा आणखी उशीर खपवून घेण्याची ताकद.

हे आकडे निसर्गनियम नाहीत. पवनबोगद्यातली मोजमापं अचूक नसतात, अ‍ॅक्चुएटर झिजतात, गणितातलं विमान आणि हवेतलं विमान यांत फरक पडतो. या सगळ्या अज्ञानाला पुरेल एवढी शिल्लक हाती असावी, म्हणून अनुभवाने ठरवलेले आकडे होते ते. अनुभव मात्र स्थिर किंवा किंचित अस्थिर विमानांचा होता. ३५ टक्के अस्थिर विमानाचा अनुभव कुणाकडेच नव्हता.

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात गेन मार्जिन आणि फेज मार्जिन शिकवतात. बोडे आलेख काढायचा, रेघ कुठे छेदते ते पाहायचं, उत्तर लिहायचं. मार्जिन पुरत नसेल तर लीड कॉम्पेन्सेटर (फेज वाढवून देणारा जोड) लावायचा, तरी पुरत नसेल तर आणखी एक. परीक्षेतल्या गणितात मार्जिन शेवटी मिळतंच, कारण गणित तसंच बेतलेलं असतं. ‘या प्रणालीला मागितलेलं मार्जिन देणारा नियंत्रक अस्तित्वातच नाही’ हे उत्तर असलेला प्रश्न मी कुठल्याही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. एक्स-२९ च्या गटापुढे नेमका तोच प्रश्न आला होता, आणि उत्तर तसं असू शकतं हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मातीचा हिशोब

आता या प्रकरणाचा गाभा. बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या हेंड्रिक बोडे यांनी १९४० च्या दशकात फीडबॅक असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल एक नियम मांडला होता. फीडबॅक काही वारंवारतांवर बाहेरचा त्रास दाबतो, पण तेवढाच तो दुसऱ्या वारंवारतांवर वाढवतो. लॉगॅरिदमच्या मापात दोन्हींची बेरीज शून्य. मऊ कणकेच्या गोळ्यावर बोट दाबलं की बाजूला फुगतं, तसं.

गुंटर स्टाइन हे हनीवेल कंपनीतले आणि एमआयटीतले नियंत्रणशास्त्रज्ञ. एक्स-२९ चे उड्डाण-नियंत्रण संगणक हनीवेलचेच होते. डिसेंबर १९८९ मध्ये टॅम्पा इथल्या परिषदेत पहिलं बोडे व्याख्यान देण्याचा मान स्टाइन यांना मिळाला, आणि त्यात त्यांनी हा नियम चर खणणाऱ्या मजुराच्या रूपकातून समजावला. नियंत्रण-अभियंता म्हणजे चर खणणारा. जिथे त्रास नको तिथे तो खणतो, पण निघालेली माती कुठेतरी टाकावीच लागते. माती नाहीशी होत नाही. गावात विहीर खणताना शेजारी मुरमाचा ढीग वाढत जातो, आणि ढीग टाकायला जागा नसेल तर विहिरीचं काम अडतं, हे आपल्याकडच्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

अस्थिर प्रणालीत यात एक भर पडते. काम सुरू करण्याआधीच अंगणात मातीचा ढीग पडलेला असतो. त्याचं आकारमान पोलच्या पाय (३.१४) पट. एक्स-२९ साठी ६ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे १८.८५. अजून एक फावडंही मारलेलं नाही, नुसतं विमान हवेत ठेवण्याचा हा कर आहे. आणि ढीग पसरायला अंगण आहे ४० रेडियनचं. त्याच्या पलीकडे माती टाकायची मुभा नाही, कारण तिथे सांगाडा थरथरतो.

१८.८५ माती ४० च्या अंगणात अगदी सपाट पसरली तर उंची येते ०.४७. लॉगॅरिदम उलटा केला की १.६. म्हणजे जगातला सर्वोत्तम नियंत्रक लावला, तरी कुठे ना कुठे वाऱ्याचा त्रास किमान १.६ पट होऊनच विमानाला लागणार. भूमितीने याचं फेज मार्जिन काढता येतं. निर्णायक वारंवारतेपाशी हे गुणोत्तर १.६ असेल तर मार्जिन सुमारे ३६ अंश. ४५ अंशांसाठी तिथलं गुणोत्तर १.३१ च्या वर जाऊन चालत नाही.

हे गणित ढोबळ आहे, कबूल. प्रत्यक्षात माती इतकी सपाट पसरता येत नाही. एका जागी उंची कमी ठेवून तिथे ४५ अंश दाखवता येतील, पण मग शेजारी डोंगर उभा राहतो आणि ते ४५ अंश नावापुरते उरतात. शिवाय ३६ हा आकडा नुसतं उडत राहण्याचा आहे. विमानाने वैमानिकाचं ऐकावं, झुळकीला दाद देऊ नये, अशीही अपेक्षा असते, आणि त्यासाठी खणावं लागतं. समजा ३ रेडियनपर्यंतचा त्रास एक दशांशावर आणायचा आहे. त्यातून आणखी ७ माती निघते. आता जवळपास २६ माती उरलेल्या ३७ च्या अंगणात टाकायची. गुणोत्तर २ वर जातं, मार्जिन २९ अंशांवर येतं.

उलट्या बाजूने विचारलं तर? ४५ अंश हवेच असतील तर अंगण किती लागेल? ७० रेडियन. ते मिळवायला सांगाड्याचे कंप तितके वर सरकवावे लागतील, आणि कंपाची वारंवारता ताठरपणाच्या वर्गमुळाने वाढते. म्हणजे वजन तेच ठेवून विमान जवळपास तिप्पट ताठ करायचं. किंवा पोल ६ ऐवजी ३ वर आणायचा, की ४६ अंश मिळतात. पण त्यासाठी गुरुत्वमध्य पुढे न्यावा लागला असता, आणि ज्यासाठी हे विमान बांधलं तो फायदाच गेला असता. ताठरपणा सांगाड्याच्या गटाकडे, गुरुत्वमध्य आराखडा करणाऱ्यांकडे. या दोन्ही किल्ल्या नियंत्रणवाल्यांच्या हातात नव्हत्या. त्यांच्याकडे फक्त सॉफ्टवेअर होतं, आणि उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. अंथरूण आखूड आहे हे पाय ताणून बदलत नाही.

या गोष्टीतला एक तपशील मला नेहमी थबकवतो. अस्थिर पोल असताना बोडेच्या नियमात ही पाय पट भर पडते, हे जेम्स फ्रॉयडेनबर्ग आणि डग्लस लूझ यांनी मांडलं तो शोधनिबंध १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. सेवेलने एक्स-२९ उडवलं डिसेंबर १९८४ मध्ये. म्हणजे ज्या ओळीने हा पेच कागदाच्या कोपऱ्यात पाच मिनिटांत सुटला असता, ती ओळ छापून येईपर्यंत विमान हवेत होतं.

मग उडवलं कसं

अट शिथिल केली. वाचायला हे फार साधं वाटतं, पण सुरक्षिततेची अट शिथिल करायची तर आधी ती कशासाठी होती ते पुरतं कळावं लागतं. ४५ अंश अज्ञानासाठी राखून ठेवलेले होते. अज्ञान कमी करता आलं तर राखीव साठाही कमी चालेल, हा युक्तिवाद होता. एकच संशोधन विमान, मोजके वैमानिक, ठरलेलं आकाश आणि जमिनीवर प्रत्येक उड्डाण पाहणारी माणसं. लढाऊ तुकडीतल्या शंभर विमानांना ही सवलत कुणी दिली नसती, आणि देऊही नये.

नासाच्या ड्रायडन केंद्रात विमानाची मोजमापं रेडिओने जमिनीवर येत. वैमानिक ठरलेल्या उंची-वेगावर स्टिकने संथ ते जलद असे झोके देई आणि जमिनीवरचे संगणक उड्डाण चालू असतानाच लूपचं खरं मार्जिन काढत. ते भाकिताशी ताडून पाहिल्यावरच पुढच्या वेगाला जायचं. खालची मर्यादा ठरली ३ डेसिबल आणि साडेबावीस अंश, म्हणजे पुस्तकी अटीच्या बरोबर निम्मी. मघाच्या १५ रेडियनच्या हिशोबाने साडेबावीस अंश म्हणजे २६ मिलिसेकंद. संगणकाचा एक ठोका २५ चा. त्या मर्यादेवर असताना लूपमध्ये आणखी एका ठोक्याचा उशीर शिरला, तर जवळजवळ सगळी शिल्लक संपली असती.

विमान उडालं, आणि चांगलं उडालं. १३ डिसेंबर १९८५ रोजी सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडणारं पुढे झुकलेल्या पंखांचं ते पहिलं विमान ठरलं. पहिल्या विमानाने १९८८ पर्यंत २४२ संशोधन उड्डाणं केली. दुसरं १९८९ मध्ये उडालं आणि नाक फार वर ठेवून उडण्याच्या चाचण्यांत ६७ अंशांपर्यंत पोहोचलं. (हे अंश वेगळे, हे विमानाच्या नाकाचे.)

बंगळुरूत ४ जानेवारी २००१ रोजी पहिल्यांदा उडालेलं आपलं तेजसही मुद्दाम अस्थिर ठेवलेलं आणि चौपदरी डिजिटल नियंत्रणावर उडणारं विमान आहे. पण ३५ टक्क्यांच्या वाटेला नंतरच्या कुठल्याही सेवेतल्या लढाऊ विमानाने जाऊ नये, यात नवल नाही.

कमी गेनचा धोका

इथेच थांबता आलं असतं, पण या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग मार्जिनच्या अटीबाहेरचा आहे.

सर्वसाधारण स्थिर यंत्रात लूपचा गेन, म्हणजे जोर, जास्त झाला तर धोका, कमी झाला तर यंत्र फक्त सुस्त होतं. म्हणून कारखान्यात काही विचित्र वाटलं की ऑपरेटर पहिल्यांदा गेन खाली आणतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. अस्थिर विमानात गेनला वर जशी मर्यादा असते तशी खालीही असते. लाटणं तोलताना हात फार हळू हलवला तर ते पडणारच. एक्स-२९ मध्ये या दोन मर्यादांमधली जागा अरुंद होती.

गेन किती ठेवायचा हे संगणक हवेच्या दाबावरून ठरवत असे. वेग जास्त असेल तर कॅनार्डचा प्रत्येक अंश जास्त जोर लावतो, म्हणून गेन कमी ठेवायचा. वेग कमी तर गेन जास्त. दाब मोजायला नाकावर एक लांब नळी होती आणि बाजूंना दोन. नाकावरची नळी अचूक, बाजूच्या कमी भरवशाच्या, कारण धडाभोवती हवा वळते तिथे त्या बसवलेल्या. म्हणून नाकावरच्या मोजमापात आणि बाजूच्यांत बराच फरक पडला तरी संगणकाने तो चालवून घ्यावा, अशी सैल मर्यादा घातलेली होती. कागदावर हे समंजस दिसतं. चांगल्या मोजमापाला खराब मोजमापामुळे बाद करायचं कशाला?

शंभराहून जास्त उड्डाणं झाल्यावर जमिनीवरच्या अभ्यासात लक्षात आलं की नाकावरची नळी त्या सैल मर्यादेच्या आतच बिघडू शकते. तसं झालं तर संगणकाला बिघाड दिसणारच नाही, तो खोट्या दाबावर विश्वास ठेवत राहील. दाब खऱ्याहून जास्त वाचला गेला तर विमान वेगात आहे असं समजून तो गेन उतरवेल, आणि उतरताना, कमी वेगात, गेन त्या खालच्या मर्यादेच्याही खाली जाईल. विमान हातचं जाण्याइतका हा दोष गंभीर होता. तिपटीने लावलेले संगणक इथे काहीच करू शकले नसते, कारण तिघांनाही तोच खोटा दाब मिळाला असता आणि तिघांचंही एकमत झालं असतं.

दाबाची ही सैल मर्यादा ज्यांनी लिहिली त्यांच्या टेबलावर फेज मार्जिनचा आलेख नसणार, आणि मार्जिनवाल्यांच्या टेबलावर दाबाच्या नळ्या नसणार. ३ डेसिबलची शिल्लक ही दोघांची सामाईक रक्कम होती. ३ डेसिबल म्हणजे गेन साधारण ३० टक्क्यांनी खाली येण्याची मुभा. गेन दाबाच्या व्यस्त प्रमाणात धरला तर दाब ४० टक्क्यांनी जास्त वाचला गेला की ती मुभा संपते. वेगाच्या भाषेत तर त्याहून कमी, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. खरा वेग १०० असताना संगणकाला ११९ वाटला, एवढंच पुरे.